केळीच्या सुक्या पानातलं नारिंगी वटवाघूळ

गुहागरकडच्या एका बागायतदारानं विचारलं आहे: "वाडीत केळीची सुकी पानं काढत होतो. एक पान खाली आलं आणि त्यातून नारिंगी-काळं, फुलपाखरासारखं काहीतरी पडलं. जवळ गेलो तर त्यानं दात दाखवले. बाबा म्हणतात वाघळाचं पिल्लू आहे, आईला शोधा. शेजारचे काका म्हणतात मारून टाका, निपा होईल. हे नक्की काय आहे? केळीचं नुकसान करतं का? राहतं कुठे? आणि पान तर आता कापून झालंय, त्याचं काय करू?"

घाईचं उत्तर आधी देते. मारू नका, आणि उघड्या हातानं उचलूही नका. बाकीचं निवांत.

ते पिल्लू नाही, पूर्ण वाढलेलं जनावर आहे. ते एवढंच असतं. मराठीत त्याला रंगीत वटवाघूळ म्हणतात, शास्त्रीय नाव केरिव्हूला पिक्टा. 'पिक्टा' म्हणजे रंगवलेलं. पल्लास या जर्मन निसर्गअभ्यासकानं 1767 साली त्याचं वर्णन केलं, ते नाव तेव्हापासूनचं. 'केरिव्हूला' हा शब्द मात्र लॅटिन नाही आणि ग्रीकही नाही. तो सिंहलीतून आला. श्रीलंकेत याला 'केहेल-वुल्हा' असं काहीतरी म्हणत, आणि केहेल म्हणजे केळ. केळीतलं वटवाघूळ! तिथल्या शेतकऱ्यांनी पत्ता सांगितला, ग्रे नावाच्या इंग्रज साहेबानं 1842 मध्ये तोच जसा ऐकू आला तसा लिहून घेतला आणि सगळ्या गटाचं नाव करून टाकलं. आपल्या वाड्यांमध्ये याला वेगळं नाव मी तरी ऐकलेलं नाही. मोठं ते वाघूळ, लहान ती पाकोळी, एवढ्यावर भागतं. त्यातही घोटाळा आहेच, कारण वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर गुहेत घरटी करणारा पक्षीसुद्धा पाकोळीच. तो पक्षीही काळोख्या गुहेत टकटक आवाज करत, त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो. त्यामुळे ज्यानं दोघांना एकच नाव ठेवलं त्याला मी चूक म्हणणार नाही.

आता रूप. तुम्ही ते खाली पडलेलं पाहिलंत, म्हणजे अर्धवटच पाहिलंत. डोकं आणि धड मिळून चारेक सेंटिमीटर, म्हणजे आंगठ्याची दोन पेरं. शेपटी जवळजवळ तेवढीच लांब, पण ती मोकळी नसते. मागच्या दोन पायांमध्ये जो पडदा असतो त्यात ती शिवल्यासारखी अडकलेली असते. पंख पसरले तर वीतभर, किंवा वितीला थोडं वर. वन खात्याची परवानगी घेऊन केलेल्या एका पाहणीत मी एकाचं वजन केलं होतं. दहा ग्रॅमचा स्प्रिंगचा काटा, त्याला कापडी पिशवी, पिशवीचं वजन वजा केलं तर साडेचार ग्रॅम भरलं. हल्लीचं एक रुपयाचं नाणं याच्यापेक्षा थोडंसंच हलकं. पिशवीत काहीतरी आहे हे हाताला कळत नव्हतं, काट्याकडे बघूनच विश्वास ठेवायचा.

अंगावरची लव लांब आणि लोकरीसारखी, पाठीवर भडक नारिंगी, पोटाकडे फिकी, मळकट पिवळसर. खरी ओळख पंखात. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच. बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांब झालेली आणि त्यांच्यामध्ये कातडीचा पडदा. याच्या पंखात बोटांच्या बाजूनं नारिंगी पट्टे जातात आणि मधले पडदे काळे कुळकुळीत. मागचा शेपटीचा पडदाही नारिंगी आणि त्याच्या कडेला बारीक केसांची झालर. कान मोठे, नरसाळ्यासारखे, पातळ. आणि प्रत्येक कानात एक सुईसारखं टोकदार पातं उभं असतं. नाक साधं, त्यावर पानासारख्या घड्या नाहीत. डोळे म्हणाल तर लवेत शोधावे लागतात.

ज्यांच्याशी गल्लत होते तेही सांगते, कारण मला फोटो येतात त्यातले बरेचसे भलत्याचेच असतात. सर्वांत जास्त गल्लत होते ती लहान फळखाऊ वटवाघळाशी, ते पेरू-चिकू खाणारं, केळफुलावर रात्री येणारं. त्याच्याही पंखातली बोटं पडद्यापेक्षा फिकी दिसतात आणि नराच्या मानेला तांबूस-नारिंगी झाक असते. पण ते याच्या दसपट तरी जड, डोळे टपोरे, तोंड कुत्र्याच्या पिल्लासारखं, कानाला पांढरी किनार. कानात ते पातं नसतं. शिवाय त्याच्या पंखाच्या आंगठ्याला नखी असतेच, पण शेजारच्या बोटालाही एक बारीक नखी असते. रंगीत वटवाघळाला फक्त आंगठ्याची. दुसरी गल्लत होते ती जुन्या विहिरीत, भुयारात, पडक्या देवळात लटकणाऱ्या पाननाक्यांशी. त्यातली काही इतकी झळझळीत नारिंगी असतात की मीसुद्धा क्षणभर थबकते. पण त्यांचे पंख एकरंगी, आणि नाकावर कातडीच्या घड्यांचं ते विचित्र फूल. शिवाय ती केळीच्या पानात राहायला येत नाहीत. तिसरी म्हणजे घराच्या कौलांतून संध्याकाळी निघणारी, दिव्याभोवती फिरणारी तपकिरी पाकोळी, पिपिस्ट्रेल. ती वजनाला साधारण याच्याएवढीच, पण रंग मातकट. बाबांनी 'पिल्लू' म्हटलं ते बहुधा आकारावरून. पिल्लाच्या अंगावर एवढी दाट लव नसते आणि आई त्याला छातीशी घेऊन फिरते. ते एकटं पानात असं पडून राहत नाही.

मला ते पहिल्यांदा दिसलं ते असंच, दुसरंच काहीतरी शोधताना. वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत फळखाऊ वटवाघळांची मोजणी चालली होती. भाद्रपदातली सकाळ, रात्रभर पाऊस पडून नुकता उघडला होता. पोफळींवरून थेंब पडत होते आणि वाडीचे मालक, सत्तरीतले आबा, पाटात अडकलेला पातेरा काढत होते. अचानक ते थांबले. म्हणाले, "ह्यां पान हलता कित्याक? वारो तर नाय." मी बघितलं तर केळीचं एक सुकं पान, दांड्यापासून मोडून बुंध्याला टेकून लटकलेलं. हलत होतं ते पान नव्हतंच. पानाच्या घडीत, आतल्या बाजूला, एक जण अंग चाटत होता. मी तीन फुटांवर उभी होते आणि मला दिसत नव्हतं! आबांनी काठीच्या टोकानं पानाची कड बोटभर उचलली तेव्हा कळलं की तिथे दोघं आहेत, एकमेकांना चिकटून, डोकं खाली. पंख मिटलेले होते, आणि मिटल्यावर ते काळे पडदे पानाच्या चिरांसारखे दिसत होते, नारिंगी बोटं पानाच्या शिरांसारखी. लवेवर दवाचे बारीक मणी जमले होते. एकानं कान हलवला. आबांनी कड सोडली आणि पुन्हा तिथे नुसतं पान राहिलं.

वीस वर्षं या कामात आहे, पण याचं रूप आणि याचं घर या दोन गोष्टी वेगळ्या सांगता येत नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. फोटोत, हातात, जमिनीवर पडलेलं असताना ते लग्नातल्या शालूसारखं भडक दिसतं. तोच रंग सुक्या केळीच्या पानात गेला की दिसेनासा होतो. वाळलेलं केळीचं पान नीट बघा. ते एकसारखं तपकिरी नसतं. तांबूस, मधाळ पिवळं, कडेनं काळपट, आणि फाटलेल्या जागी काळोखाच्या उभ्या रेघा. हे वटवाघूळ म्हणजे त्या पानाचाच एक तुकडा. आपल्याला ते फुलपाखरासारखं वाटतं कारण आपण त्याला नेहमी चुकीच्या जागी, म्हणजे पानाबाहेर बघतो.

पण पान कुठलंही चालत नाही. केळीचं पान पिकलं की देठाशी लवतं, मग मोडतं आणि मधल्या दांड्यावरून दोन्ही बाजूंनी खाली मिटत बुंध्यालगत लोंबतं. असं पूर्ण सुकलेलं, न फाटलेलं पान म्हणजे खालून उघडी असलेली एक नळी किंवा तंबू. पाऊस दांड्यावरून ओघळून जातो, आतली बाजू कोरडी राहते, ऊन थेट लागत नाही. आणि खालून कोणी आलं, साप म्हणा, मांजर म्हणा, तर पान आधी कुरकुरतं. ही शेवटची गोष्ट माझा अंदाज आहे, पण सुक्या पानाला हात न लावता त्याच्याजवळ जाऊन बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

आता या पानाला काय लागतं? वारा लागता कामा नये. आणि इथेच कोकणातली वाडी येते. आपला सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं पठार, उघडा, जांभ्याचा, तिथे केळ लावली तर चार दिवसांत तिच्या पानांच्या चिंध्या होतात. वाडी असते खाली, पऱ्याच्या कडेला, डोंगराच्या पोटात. वर माड, त्याखाली पोफळी, त्याखाली केळी, जायफळ, मिरवेली. पाटाचं पाणी फिरतं, जमीन ओली, हवा दमट आणि स्थिर. वरच्या दोन मजल्यांनी वारा अडवलेला असतो, म्हणून केळीचं पान अखंड सुकतं. केळीचं सलग पीक उघड्यावर घेतलं तर झाडं हजार असतील, पण अखंड सुकलेली पानं विरळा. पोफळीच्या सावलीतल्या दहा बेटांमध्ये ती जास्त मिळतात. बेट वेलची केळीचं की राजेळी केळीचं, यानं मला काही फरक दिसलेला नाही. बेटात केळीची पिलं, म्हणजे बुंध्यालगत फुटणारी रोपं, किती दाट आहेत आणि सुकी पानं किती दिवस राहू दिली आहेत, यानं पडतो.

केळ हा त्याचा आवडता पत्ता, एकमेव नव्हे. सुगरणीची सोडून दिलेली घरटी, शिंजीराची लोंबती जुनी पिशवी, उंच गवत, उसाची सुकलेली पात, झाडाची ढोली, अशा जागांतूनही त्याच्या नोंदी आहेत. विहिरीवर लवलेल्या झाडावर सुगरणीची वसाहत असते ना, पाऊस संपल्यावर ती ओस पडते. तेव्हा घरटी खाली पाडू नका, असू देत. सह्याद्रीच्या कड्यांवर रानकेळ असते, ती पावसाळा संपला की सगळी पानं टाकते. गावची केळ नव्हती तेव्हाची जागा बहुधा तशीच असणार. भारतापासून श्रीलंका, म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन, इंडोनेशियापर्यंत हा प्राणी पसरलेला आहे. म्हणजे आशियातल्या केळीच्या मुलखाचा बराचसा पट्टा. एवढा मोठा मुलूख, पण कुठेही गर्दीनं नाही. आपल्या मोठ्या वाघळांसारखी वडावर शेकड्यांनी वसाहत हा प्रकार यांच्यात नसतोच. बहुतेक वेळा एक, नाहीतर जोडी, कधी जोडीबरोबर पिल्लू. पिल्लू एका वेळी एकच. पान हे घर किती दिवसांचं? ते भिजलं, कुजलं, गळलं की संपलं. त्यामुळे घर बदलत राहणं हा त्यांचा रोजचा धर्म. आज दिसलं त्या पानात उद्या नसेल, म्हणून ते गेलं असं समजू नका. पलीकडच्या बेटात बघा.

केळीचं नुकसान करतं का, याचं उत्तर एका शब्दात: नाही. ते फळ खातच नाही. त्याच्या तोंडात 38 दात असतात, सगळे टाचणीच्या टोकासारखे, किड्यांचं कवच फोडायला. फळखाऊ वटवाघळाला तीसच असतात आणि ते गर चेपून रस प्यायला केलेले. याचं खाणं म्हणजे बारीक पतंग, माश्या, छोटे भुंगे आणि जाळ्यात बसलेले कोळी. लोंगरावर, म्हणजे केळीच्या घडावर, ओरखडे दिसले, खाली चोथ्याच्या गोळ्या पडल्या, तर ते काम त्या टपोऱ्या डोळ्यांच्या फळखाऊचं. आणि त्यालाही फार शिव्या देऊ नका, रात्री तुमच्या बागेतली बरीच फुलं तो फिरून येतो. लोंगरावर जुनं पोतं बांधा, प्रश्न मिटतो.

रात्रीचं त्याचं वागणं मी जितकं बघितलंय तितकं सांगते. कौलांतल्या पाकोळ्या उजेड असतानाच सुटतात. हे मात्र चांगला काळोख झाल्यावर निघतं. उडणं हळू, फडफडतं, जमिनीपासून माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, पानांच्या फटींतून, एखाद्या मोठ्या पतंगासारखं. मोकळ्या आकाशात सूर मारणारी वटवाघळं वेगळी. त्यांचे पंख लांब आणि निमुळते. याचे पंख आखूड आणि रुंद, गर्दीतून वळायला केलेले. एकदा एक वाडीतल्या पायवाटेनं माझ्या गुडघ्याजवळून गेलं आणि पुढच्या जायफळाला एक वळसा घालून त्याच वाटेनं परत आलं. टॉर्च लावायचं भान मला नंतर आलं.

याला यंत्रानं शोधणंही कठीण. वटवाघळं तोंडातून बारीक किंकाळ्या मारतात आणि परत आलेल्या आवाजावरून समोर काय आहे ते ओळखतात, हे तुम्हाला माहीत असेल. आपला कान 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. कौलांतली पाकोळी चाळीस-पन्नासच्या आसपास बोलते आणि डिटेक्टरवर, म्हणजे हे आवाज आपल्याला ऐकवणाऱ्या यंत्रावर, ती अंगणाच्या त्या टोकाची ऐकू येते. रंगीत वटवाघळाच्या गटातल्यांचा आवाज दीडशे किलोहर्ट्झच्याही वर सुरू होतो आणि तोही कुजबुजल्यासारखा. एवढा उंच आवाज हवेत लांब जात नाही, विशेषतः आपल्या दमट हवेत. माझा डिटेक्टर त्याला दोन-तीन हात अंतरावर आलं तरच दाद देतो, तीही नुसती एक कोरडी टिकटिक. एवढा बारीक आवाज त्याला कशाला लागतो? तर पानावर टेकलेला किडा, कोळ्याच्या जाळ्यातला कोळी, असं पसाऱ्यातलं बारीक भक्ष्य वेगळं काढायला. जाड सुईनं बारीक टाका घालता येत नाही, तसलंच हे. मग आम्ही हार्प ट्रॅप लावतो: दोन चौकटी, त्यांत उभ्या मासेमारीच्या नायलॉन तारा, खाली कापडी झोळी. पक्ष्यांसाठी लावतात ते बारीक जाळं हे बरोब्बर ओळखतं आणि त्याच्या कडेनं निघून जातं. या कारणानं एखाद्या तालुक्याच्या यादीत हे नाव नसलं तर मी त्यावर फार भर देत नाही. वाडीत काम करणाऱ्या माणसाच्या नजरेला ते जास्त पडतं, अभ्यासकाच्या कमी. पानं काढणारा गडी हाच याचा खरा शोधक.

निपाबद्दल. काकांची भीती खोटी नाही, फक्त पत्ता चुकलाय. निपाचा विषाणू मुख्यतः मोठ्या फळखाऊ वाघळांमध्ये आढळतो. 2018 मध्ये कोझिकोडला साथ आली तेव्हापासून आपल्याकडे वटवाघूळ दिसलं की लोक काठी शोधतात. पण मारायला गेलं की माणूस आणि जनावर यांची गाठ जास्तच पडते, कमी नव्हे. उष्टं फळ खाऊ नका, माडीचं मडकं उघडं ठेवू नका, हे उपाय. रेबीजची गोष्ट मात्र प्रत्येक वटवाघळाला, प्रत्येक जंगली सस्तन प्राण्याला लागू आहे. दात लागले, साधा ओरखडा जरी आला, तरी साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यायची. एवढ्याशा दातांनी काय होतंय, असं म्हणायचं नाही. उचलावंच लागलं तर जाड कापड, नाहीतर करवंटी.

कायद्याचं थोडक्यात: फळं खाणारी वटवाघळं अनेक वर्षं आपल्या वन्यजीव कायद्यात उंदराच्या पंगतीला, उपद्रवी म्हणून बसवलेली होती. 2022 च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं. रंगीत वटवाघूळ त्या यादीत कधीच नव्हतं, आणि आता धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ते 'संकटसमीप' म्हणून नोंदलेलं आहे. त्यामागचं एक कारण ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. हा रंग लोकांना भिंतीवर हवा असतो. वाळवलेली वटवाघळं पंख पसरून काचेच्या चौकटीत घालून परदेशी ऑनलाइन बाजारात विकली जातात, आणि त्यात याला मागणी मोठी. 2024 मध्ये यावर अभ्यासही प्रसिद्ध झाला. 'शेतात पाळलेली' अशी जाहिरात करतात; वर्षाला एखादं पिल्लू देणारा, रोज जिवंत किडे लागणारा साडेचार ग्रॅमचा जीव कोण पाळून विकणार? म्हणून एक विनंती: फोटो जरूर काढा, पण गावाचं आणि वाडीचं नाव घालून सगळीकडे पाठवू नका. तालुका पुरे.

आता तुमचा खरा प्रश्न, पानांचा. सुकी पानं काढणं हे काही तुम्ही चूक केलं नाही. स्वच्छ वाडी ही आपल्याकडे इभ्रतीची गोष्ट आहे. घरचा माणूस आळशी नाही हे केळीच्या बुंध्यावरून ओळखतात, माझे आजोबाही तसेच ओळखायचे. शिवाय करप्याचा रोग पसरू नये म्हणून ठिपक्यांची पानं कापायलाच हवीत, त्याला माझी हरकत नाही. पण ती हिरवी-पिवळी असतानाच कापा. वटवाघूळ तेव्हा त्यात नसतं, त्याला कोरडं पान लागतं. गोंधळ होतो तो पुढच्या टप्प्यावर: पान पूर्ण सुकेपर्यंत दुर्लक्ष, आणि मग फाल्गुनात भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पातेरा हवा म्हणून एका दिवसात सगळ्या वाडीचं सगळं खाली ओढून तरव्यावर नेऊन पेटवायचं. पानात जो कोणी दिवसा झोपलेला असेल तो ओझ्यातच जातो. दिवसा ही जनावरं अंग गार करून सुस्त पडलेली असतात. पान ओढलं तरी ती चटकन उडत नाहीत, तुमचंही पडलंच, उडालं नाही. मी अशा एका भाऱ्यातून दोन काढलेली आहेत. एक जिवंत होतं.

याला तोड साधी आहे. सगळी बेटं एकदम साफ करू नका. निम्मी आज, निम्मी तीन-चार आठवड्यांनी. कमरेपासून डोक्याएवढ्या उंचीवर लोंबणारी, न फाटलेली, दुमडलेली अशी चार-दोन पानं प्रत्येक बेटावर राहू द्या. जमिनीवर लोळणारी खुशाल न्या, त्यात ते बसत नाही. आणि ओढायच्या आधी खाली वाकून, पानाच्या तोंडातून वर बघा. विष्ठेचे मोहरीपेक्षा बारीक काळे कण पानाच्या खालच्या टोकाला किंवा खालच्या पिलांच्या पानावर चिकटलेले दिसले तर ते पान आठवडाभर सोडा. टिश्यूकल्चरच्या पाच एकरवाल्याला हे सांगायला मी जात नाही, त्याचं गणित वेगळं. घरामागच्या वाडीत हे कुणालाही जमतं.

जून 2020 मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा तिकडच्या आणि दापोली-मंडणगडच्या वाड्यांतल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. नंतर नवी रोपं लावताना सावलीला म्हणून केळ लावली गेली, कितीतरी वाड्यांत आधीपेक्षा जास्त. मला वाटलं होतं, चला, यांची तरी सोय झाली. पण वरचं छप्परच नव्हतं. केळ उघड्यावर, पानं फाटून दोर झालेली, मी वाड्यामागून वाड्या वाकून बघितल्या आणि एकही अखंड सुकं पान मिळेना. पोफळी पुन्हा डोक्यावर यायला वर्षं लागतात. आंजर्ल्याकडच्या एका ओढ्याच्या बेचक्यात, जिथे वारा पोचला नव्हता, तिथे एक जोडी दिसली. तेवढंच.

तर तुमचं कापलेलं पान. ते टाकलं नसेल तर घ्या. वटवाघूळ अजून खाली असेल तर जाड फडक्यात अलगद धरून त्या पानाच्या घडीत, दांड्याला नखं लागतील असं ठेवा. त्याला जमिनीवरून उड्डाण घेणं जड जातं, उभं चढायला काहीतरी लागतं. मग पान त्याच बुंध्याला, आधी होतं तेवढ्याच उंचीवर, तोंड खाली करून सुंभानं बांधा. फार आवळू नका, घडी मोकळी राहू द्या. मांजर वाडीत असेल तर आज तिला घरात घ्या. पाणी पाजायला, केळं भरवायला जाऊ नका. दिवसभर तिकडे फिरकू नका आणि साडेआठनंतर टॉर्च न लावता लांबून बघा, पान हलकं दिसेल.

मी हे दोनदा केलंय. एकदा दुसऱ्या दिवशी पान रिकामं होतं, आणि तीन आठवड्यांनी तिसऱ्या बेटाच्या पानात नारिंगी कान दिसले. तेच होतं की दुसरं, ते सांगता येत नाही. दुसऱ्या वेळी ते त्याच पानात, त्याच सुंभाच्या गाठीखाली, आणखी चार दिवस राहिलं.